खोक्यातील रिकामी जागा

कॉर्नफ्लेक्सचा नवा खोका उघडला, की आतील पिशवी वरपर्यंत भरलेली सहसा आढळत नाही. ‘मापात पाप’ हा संशय मनात येतोच. तो सर्वस्वी निराधार नाही; मात्र त्याचा रोख बहुधा चुकीच्या ठिकाणी असतो.

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत धान्य व ओट्स उघड्या पिंपांतून, ग्राहकासमोर तोलून विकले जात. १८७९च्या सुमारास ब्रुकलिनच्या रॉबर्ट गेअर यांनी कापणे व घडी पाडणे ही दोन्ही कामे एकाच यंत्राने करून पुठ्ठ्याचे खोके स्वस्त केले. १९०६मध्ये बॅटल क्रीक येथे विल कीथ केलॉग यांची कॉर्नफ्लेक्सची कंपनी उभी राहिली आणि १९१४मध्ये तिने खोक्यावर मेणकागदाचे आवरण चढवले. ते पुढे अस्तर होऊन आत गेले. माल दमट होईनासा झाला, पण तराजू ग्राहकाच्या दृष्टीआड गेला. डोळ्यांना दिसे ती केवळ खोक्याची उंची. १९१३च्या गूल्ड दुरुस्तीने अमेरिकेत बंद वेष्टनावर आतील मालाचे परिमाण छापणे बंधनकारक केले, त्यामागे हीच अडचण होती.

उंचीवर विसंबता का येत नाही? पायलीने धान्य मोजणाऱ्यांना उत्तर ठाऊक होते: माप हलवून भरले तर दाणे अधिक मावतात. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९५मध्ये याचे काटेकोर मोजमाप प्रसिद्ध केले. नळीत सैल ओतलेले काचमणी सुमारे ५८ टक्के जागा व्यापत होते. हजारो ठोक्यांनंतर हे प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास गेले. एकही मणी न काढता उंची जवळजवळ एक दशांशाने घटली! शिवाय ही घट लॉगॅरिथमच्या गतीने होते, म्हणजे प्रत्येक पुढच्या टप्प्याला ठोके कित्येक पटींनी अधिक लागतात. पोह्यांसारख्या चपट्या, ठिसूळ पाकळ्यांचे वर्तन मण्यांहून गुंतागुंतीचे असते. तरी कारखान्यात थोडा वेळ हलवून भरल्याने प्रश्न का मिटत नाही, हे यावरून कळते. उरलेले ठोके ट्रक देतो. जास्त हलवले तर पाकळ्यांचा चुराच व्हायचा.

केलॉग भारतात आली १९९४मध्ये. वेष्टित वस्तूंचे नियम येथे १९७७पासूनच होते. त्यांची जागा पुढे २०११च्या नियमांनी घेतली. ५०० ग्रॅमच्या एखाद्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंत तूट क्षम्य आहे, परंतु तपासलेल्या नमुन्यांची सरासरी छापील वजनाखाली जाता कामा नये. ही तरतूद मला विशेष शहाणपणाची वाटते. प्रत्येक मोजमापात विचलन असणारच, हे कायदा मान्य करतो, पण ते सतत विक्रेत्याच्याच बाजूला झुकू देत नाही.

मग संशय ठेवावा कोठे? छापील आकड्यावर. खोका तोच, किंमत तीच आणि निव्वळ वजन मात्र काही ग्रॅमांनी कमी, हा प्रकार पूर्णतः कायदेशीर असू शकतो आणि तो रिकाम्या जागेवरून ओळखता येत नाही. २०२१च्या दुरुस्तीने चहा, बिस्किटे, खाद्यतेल अशा वस्तूंच्या ठरावीक वजनांचे बंधन काढून टाकले; त्याच दुरुस्तीने एकक विक्री किंमत छापणे आवश्यक केले. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती प्रतिग्रॅम दिलेली असते, एकूण किमतीच्या जवळपास, बहुधा बारीक अक्षरांत.