आकाशातून आलेली इंग्रजी : ‘स्टार प्लस’ची कथा

परमुलखातील व्यापाऱ्याने आपल्या गावी पेढी घालावी आणि थोड्याच वर्षांत त्याच्या मुनीमाने गिऱ्हाइकाची भाषा बोलू लागावे, असे इतिहासात पुष्कळदा घडले आहे. करमणुकीच्या व्यापारातही हेच घडले. आज ‘स्टार प्लस’ ही वाहिनी सर्वांना हिंदी म्हणून ठाऊक आहे. परंतु ती जन्माने इंग्रजी होती.

या कथेचा आरंभ एका फसलेल्या उड्डाणाने होतो. फेब्रुवारी १९८४ मध्ये ‘वेस्टार ६’ हा अमेरिकन उपग्रह सोडण्यात आला. पण तो योग्य कक्षेत पोहोचलाच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘डिस्कव्हरी’ यानातील अंतराळवीरांनी त्याला पकडून पृथ्वीवर परत आणले. पुढे तो डागडुजी होऊन हाँगकाँगच्या एका कंपनीकडे गेला आणि ७ एप्रिल १९९० रोजी ‘एशियासॅट १’ हे नवे नाव घेऊन चिनी अग्निबाणावरून पुन्हा आकाशात चढला. एकदा वाया गेलेल्या या उपग्रहाच्या टप्प्यात अरबस्तानापासून जपानपर्यंतचा प्रदेश आला.

त्या कंपनीत उद्योगपती ली का-शिंग यांच्या समूहाचा वाटा होता. याच समूहाने १९९१ मध्ये ‘स्टार’ ही संस्था काढली. क्रीडा, संगीत, वृत्त, चिनी कार्यक्रम आणि इंग्रजी करमणूक अशा पाच वाहिन्यांची तिची योजना होती. त्यांतील इंग्रजी करमणुकीची वाहिनी म्हणजे ‘स्टार प्लस’. आशियातील इंग्रजी जाणणारा सधन वर्ग आपला प्रेक्षक होईल, आणि त्याच्यासाठी जाहिरातदार पैसे मोजतील, असा चालकांचा हिशेब होता.

आपल्याकडे तोवर दूरदर्शनखेरीज दुसरे काही नव्हते. जानेवारी १९९१ मधील आखाती युद्धाची दृश्ये परदेशी वाहिनीवर पाहायला मिळाली, तेव्हा लोकांचे कुतूहल चाळवले. गल्लोगल्ली तबकड्या उभ्या राहिल्या, गच्च्यांवरून तारा गेल्या. यासंबंधीचा कायदा झाला तो १९९५ मध्ये. तोवर तारा घरोघरी पोहोचल्या होत्या! ‘सँटा बार्बरा’, ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ यांसारख्या अमेरिकन मालिका भारतीय दिवाणखान्यांत आल्या. संस्कृती बुडाली, अशी हाकाटी झाली. नव्या जगाची खिडकी उघडली, असेही काहींना वाटले.

दोन्ही पक्षांना एक गोष्ट दिसली नाही. ऑक्टोबर १९९२ मध्ये त्याच उपग्रहावरून ‘झी’ ही हिंदी वाहिनी सुरू झाली, आणि लोक तिकडे वळले. इंग्रजी समजणे निराळे आणि दिवसभराच्या श्रमानंतर इंग्रजीत हसणे-रडणे निराळे. जुलै १९९३ मध्ये रुपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीने ५२.५ कोटी डॉलर देऊन ‘स्टार’चा बहुसंख्य हिस्सा घेतला. ‘झी’शी भागीदारीही झाली, पण त्या करारामुळेच हिंदीच्या प्रांतात ‘स्टार’चे हात बांधले गेले. पुढे ‘स्टार प्लस’वर थोडे हिंदी, थोडे इंग्रजी असा मिश्र कारभार चालला. दोन भाषांच्या होडीत पाय ठेवणाऱ्याची जी गत होते तीच त्या वाहिनीची झाली.

१९९९ मध्ये ही भागीदारी संपली. ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले. मूळ खेळ इंग्लंडचा. पण प्रश्न विचारीत होते अमिताभ बच्चन, आणि तेही शुद्ध, आर्जवी हिंदीत. ‘स्टार प्लस’ हिंदी झाली आणि अग्रस्थानी गेली. तिच्यावरील इंग्रजी कार्यक्रमांचा संसार ‘स्टार वर्ल्ड’ या भावंडाकडे गेला.

आपणां महाराष्ट्राबाहेरील मराठी भाषकांना या कथेत विशेष अर्थ आहे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र १९७२ मध्ये निघाले. परंतु जमिनीवरील मनोऱ्याच्या लहरींना अंतराची मर्यादा असते. उपग्रहाला राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. ‘अल्फा मराठी’ १९९९ मध्ये निघाली. २००० मध्ये आलेली ‘ई टीव्ही मराठी’ तर हैदराबादच्या रामोजी राव यांच्या समूहाने काढली. इंग्रजीपासून निघालेल्या ‘स्टार’ने २००८ मध्ये ‘प्रवाह’ ही मराठी वाहिनी काढली. ज्या आकाशमार्गाने परकी भाषा आली, त्याच मार्गाने मराठी इंदूर, बडोदे, बेळगाव, पणजी येथील घरांत येऊ शकली.

मात्र यात भोळेपणाने हुरळून जाऊ नये. वाहिनीने भाषा बदलली ती प्रेमाने नव्हे, हिशेबाने. प्रेक्षक मिळतात तोवर ती आपली भाषा बोलेल. न मिळाल्यास दुसरी बोलेल. घरात मुलांशी जी भाषा आपण बोलतो, तिचाच प्रेक्षक उद्या तयार होतो. तो तयार करणे कोणत्याही उपग्रहाचे काम नव्हे. ते आपलेच काम आहे.