पडदा वाढता वाढे

मुंबईत दूरदर्शन अवतरले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आमचा जालना जिल्हा जन्मला १ मे १९८१ रोजी. म्हणजे वयाने टीव्हीच थोरला!

२५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झाले. वीस इंची कृष्णधवल संच, पण दाराबाहेरच्या चपला पाहून वाटावे, आत सत्यनारायण आहे. गच्चीवर एकजण अँटेना पिळायचा. "आलं का?" "मुंग्याच आल्या!"

२००५ साली यूट्यूब निघाले. त्यावरचा पहिला व्हिडिओ १९ सेकंदांचा. त्यात एक तरुण हत्तींच्या सोंडेचे कौतुक करतो. २०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त केला आणि घरोघर छंद उगवले.

आमच्या शेजारच्या निवृत्त साहेबांनी पंचावन्न इंची टीव्ही आणि पाच स्पीकर बसवले. बघतात काय, तर गच्चीवरचे टोमॅटो! तिकडे खुरपे मातीत घुसले की इकडे आमच्या कपबश्या थरथरतात. वहिनी स्वयंपाकघरात मोबाइलवर विणकाम बघतात, नातू टॅबवर रेल्वेची इंजिने. पाच स्पीकरांपुढे साहेब एकटे.

परवा त्यांनी भिंतीवरूनच हाक मारली, "या हो, मोसंबीच्या कलमाचा लागलाय."

गेलो. दाराबाहेर चपला माझ्याच तेवढ्या.