खाडीपलीकडचं गोराई

बोरिवलीच्या जेट्टीवरून बोटीत बसलं की काही मिनिटांत मुंबईचा गलका मागे पडतो. समोरचं गोराई महापालिकेच्याच हद्दीत आहे, पण गाडीनं जायचं तर भाईंदर, उत्तन असा भलामोठा वळसा. तिथली शांतता खाडीनं राखली.

१५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. मग गोराई, मनोरी, उत्तन या धारावी बेटावरच्या गावांत चर्च उभी राहिली. (झोपडपट्टीची धारावी वेगळी बरं का!) १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत बेट मराठ्यांकडे आलं, पुढे इंग्रजांकडे. राज्यं बदलली, पण कोळी, आगरी, भंडारी घरांतून ख्रिस्ती झालेली माणसं तिथंच राहिली. बोलत मराठीच. गोवा-मंगळूरहून मुंबईत नोकरीला येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, हे सांगण्यासाठी १८८७ साली, राणीच्या सुवर्णमहोत्सवात, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. मराठी बोलणाऱ्यांनी इंग्रजी कंपनीची आठवण करून देणारं नाव घ्यावं, याची मला अजून गंमत वाटते.

मला विचाराल तर या साऱ्याचा इतिहास बाटलीत सापडतो. पोर्तुगीजांबरोबर मिरची आपल्याकडे आली. ईस्ट इंडियन बायका उन्हाळ्यात मिरच्या, धणे, हळद आणि कितीतरी जिन्नस उन्हात वाळवतात, भाजतात, कुटतात आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात. म्हणून नाव 'बॉटल मसाला'. पूर्वी मसाला कुटून देणाऱ्या बायका घरोघर फिरत. प्रत्येक घराचं माप निराळं, आणि ते सासूकडून सुनेकडे जातं. कागदपत्रांत याची नोंद कोण करणार?

१८६७ साली विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली. रूळ खाडीच्या पलीकडून, बोरिवलीवरून गेले. तिकडे पुढं इमारती चढल्या. इकडे भात, भाजी, मासळी राहिली. गोराईची बाई भाजीची पाटी घेऊन बोटीनं बाजार गाठायची.

मग शहराची नजर बेटावर पडली. विशेष आर्थिक क्षेत्राची योजना आली तेव्हा गावकऱ्यांनी जोरात विरोध केला, कारण शेती आणि किनारा दोन्ही जाणार होते. पुलाचा विषय मात्र इतका सरळ नाही. पूल झाला की जमिनीचे भाव चढतील, बिल्डर येतील, हे तिथल्या बायकाही जाणतात. पण रात्री बोट थांबल्यावर कुणाला कळा सुरू झाल्या, तर त्याच भाईंदरच्या वळशानं दवाखाना गाठावा लागतो.