आधी मैदान, मग घर

घर आधी की मैदान आधी, हा प्रश्न आपल्याकडे पडत नाही. आपल्याकडे आधी माहितीपत्रक. त्यात एक हिरवा ठिपका असतो, खाली ‘नियोजित बाग’ असं छापलेलं असतं, आणि सोसायटीचे ज्येष्ठ सभासद वैकुंठाला जाईपर्यंत ती बाग नियोजितच राहते.

म्हणून डेल वेब या अमेरिकन बिल्डरबद्दल मला आदर वाटतो. मूळचा सुतार, पुढे न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा भागीदार. ॲरिझोनात फिनिक्सच्या वायव्येला, कापसाच्या शेतांवर, या गड्यानं निवृत्तांसाठी सन सिटी नावाचं गाव वसवलं. १ जानेवारी १९६० ला विक्री सुरू झाली तेव्हा नमुन्याची घरं होती अवघी पाच. पण दुकानं होती, करमणूक केंद्र होतं आणि गोल्फचं मैदान चक्क हजर होतं! तीन दिवसांत लाखभर माणसं बघायला लोटली.

तेव्हा अट एकच होती. घरात कुणीतरी पन्नाशी गाठलेलं हवं, आणि शाळकरी पोरं नकोत. नातवंडांनी पाहुणे म्हणून यावं, मुक्काम ठोकू नये. आता जिथे पोरांचा गलका नाही, तिथे म्हाताऱ्या माणसानं खिडकीतून बघायचं तरी काय? गवत! सगळे काही गोल्फ खेळणारे नव्हते. पण बघायला काठी फिरवता यावी लागत नाही.

मग हे मैदान घालायचं कुठे? मी पडलो कॉमर्सवाला. मला यात खेळ कमी आणि खतावणी जास्त दिसते. अठरा भोकांच्या मैदानाला दीडेकशे एकर जमीन लागते. ते गरगरीत गोल आखलं तर कडेनं पाऊणशे फुटी प्लॉट बसतात एकशेवीस. पण सगळ्या भोकांची लांबी मिळून होते सुमारे सहा हजार यार्ड, म्हणजे साडेपाच किलोमीटर. हा पट्टा घरांच्या मधून नागासारखा फिरवला की दोन्ही बाजूंची कड अकरा किलोमीटर, आणि प्लॉट पावणेपाचशेच्या वर! जमीन थोडी जास्त जाते, गवत कापणारा शिव्या घालतो, पण मैदानाकडेच्या घराला जादा भाव येतो. मैदानाचा खर्च अलगद खिडकीच्या खाती नावे पडतो.

गाव वाढलं तशी मैदानं वाढली. १९७८ च्या सुमारास जागा संपली, तर शेजारी सन सिटी वेस्ट सुरू झालं. तिथला पाऊस वर्षाकाठी सात-आठ इंच. आमच्या मुंबईत तेवढा एका दुपारी पडतो आणि लोकल बंद पाडतो! हिरवळ जगायची ती जमिनीखालच्या पाण्यावर. १९८० साली ॲरिझोनानं भूजलाचा कायदा केला आणि मैदानांच्या पाण्यालाही मोजमाप लागलं. तेव्हापासून ‘मैदान कुठे’ याआधी ‘पाणी कुठलं’ हे सांगावं लागतं.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात नसते. बहुतेक माणसं उजव्या हातानं खेळतात, आणि कच्च्या खेळाडूचा चेंडू हटकून उजवीकडे वळतो. म्हणजे पट्ट्याच्या उजव्या अंगाला जादा पैसे मोजून घर घेतलेल्या आजोबांच्या गावात नातवंडांना राहायला बंदी. काचा फोडायला मात्र साठीचे सवंगडी आहेतच.