धर्मस्वातंत्र्य, पूर्वग्रह आणि शासनाचे अहवाल

भारतीय राज्यघटनेचे पंचविसावे कलम आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य या कलमाने प्रत्येकाला दिले आहे. सभा-संमेलनांतून त्याचा उल्लेख हमखास होतो. पण हे कलम ज्या शब्दांनी सुरू होते, त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून हे स्वातंत्र्य दिलेले आहे. सुव्यवस्था राखण्याचे काम शासनाचे, म्हणजे प्रत्यक्षात पोलिसांचे. त्यामुळे आमच्या धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न मौलवीसाहेबांच्या किंवा न्यायमूर्तींच्या दारी जाण्याआधी फौजदाराच्या दारी जातो. त्या फौजदाराच्या मनातच आमच्याविषयी पूर्वग्रह असेल तर या कलमाचे काय होते? गेल्या शतकभरात शासनाने या पूर्वग्रहाला कसे तोंड दिले, हे तपासल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

सुरुवात ब्रिटिश अमदानीपासून करावी लागेल. दोन समाजांत वैर पसरवण्याबद्दलचे १५३-अ हे कलम १८९८ मध्ये दंडसंहितेत आले. १९२० च्या दशकात लाहोरच्या राजपाल नावाच्या प्रकाशकाने पैगंबरसाहेबांची बदनामी करणारी पुस्तिका काढली. १९२७ च्या मे महिन्यात लाहोर उच्च न्यायालयाने त्याला सोडून दिले. १५३-अ हे कलम समाजासमाजांतील वैराविषयी आहे, दिवंगत धर्मसंस्थापकाच्या निंदेविषयी नाही, असा तो निकाल होता. पंजाबात असंतोष पसरला आणि सरकारने त्याच वर्षी २९५-अ हे नवे कलम आणले. एखाद्या वर्गाच्या धर्मभावना जाणूनबुजून व दुष्ट हेतूने दुखावणे हा गुन्हा ठरला. हे विधेयक चर्चेला आले तेव्हा बॅरिस्टर जिना केंद्रीय विधिमंडळात होते. धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारे, इतिहासाचा शोध घेणारे लोक या कायद्याच्या कचाट्यात सापडू नयेत, असा इशारा त्यांनी दिला होता. म्हणजे निंदेला आळा आणि चिकित्सेला मोकळीक यांचा वाद आजचा नाही. तो कायद्याच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे.

या दोन्ही कलमांना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९६ व्या कलमाची एक अट होती. सरकारची पूर्वपरवानगी असल्याशिवाय न्यायालय अशा गुन्ह्याची दखल घेऊ शकत नसे. ऊठसूट कोणीही कोणावर खटला भरू नये, हा त्यामागचा हेतू. हेतू वावगा नव्हता. पण सरकारच परवानगी द्यायला कचरत असेल तर काय, याचे उत्तर कायद्यात नव्हते. ही अट आम्हांला किती महाग पडली, ते पुढे येईलच.

घटना समितीत धर्मस्वातंत्र्यावर १९४८ च्या डिसेंबरमध्ये मोठा खल झाला. 'प्रसार' या शब्दाला लोकनाथ मिश्रांचा विरोध होता, तर कन्हैयालाल मुन्शी, टी. टी. कृष्णम्माचारी यांनी त्याची बाजू घेतली. आज मुद्दाम आठवावी अशी सूचना मात्र बिहारचे सदस्य तजम्मुल हुसेन यांची आहे. धर्म ही खाजगी बाब आहे, ज्यावरून धर्म ओळखू येईल अशी खूण, नाव किंवा पोशाख कोणी वापरू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ही सूचना मांडणारा सदस्य मुसलमान होता आणि घटना समितीने ती फेटाळली. दिसणाऱ्या धर्माला सार्वजनिक जीवनातून हद्दपार करायचे नाही, हे आपल्या घटनाकारांनी विचारपूर्वक ठरवले होते. शाळा-महाविद्यालयांतील ओढणीवरून आज जे वाद होतात, त्यांत ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

त्याच सुमारास, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक गंभीर जाणीव करून दिली. अल्पसंख्याकांनी बहुसंख्याकांची सत्ता निष्ठेने मान्य केली आहे, आता त्यांच्याबाबत भेदभाव न करण्याचे कर्तव्य बहुसंख्याकांनी ओळखायचे आहे, असा त्यांचा आशय होता. पुढे मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द झाल्या. बेगम ऐझाज रसूल यांच्यासारख्या मुस्लिम सदस्यांनी या निर्णयाला पाठिंबा दिला. आम्ही आमच्या बाजूचे वचन पाळले. आता दुसऱ्या बाजूचा हिशेब मांडायचा तर महाराष्ट्रातच यावे लागते.

१९७० साल मराठी मुसलमानांच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात राहते. २२ मार्चला पुण्यात हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. त्यानंतर दीड-पावणेदोन महिन्यांनी, ७ मे रोजी, शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी भिवंडी पेटली. पाठोपाठ जळगाव आणि महाडमध्येही दंगल झाली. एकीकडे समाजाला आत्मपरीक्षणाचे आवाहन होत होते आणि दुसरीकडे त्याच समाजाची घरे आणि माग जळत होते. ज्या शिवाजी महाराजांनी मशिदीला आणि कुराणाला धक्का लावू नये अशी आज्ञा दिल्याचे खाफी खानासारख्या विरोधी बखरकारानेही नोंदवले, त्यांच्याच नावाची ही मिरवणूक होती. मशिदीवरून जाण्याचा मार्ग, घोषणा आणि गुलाल हे वाद तिथे आधीच्या वर्षांपासून धुमसत होते. मिरवणूक काढणे हे धर्मस्वातंत्र्य, आणि मशिदीत सुखाने नमाज पढणे हेही धर्मस्वातंत्र्य. दोहोंचा मेळ घालायचा तो सार्वजनिक सुव्यवस्थेच्या आधारे.

शासनाने न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा चौकशी आयोग नेमला. १९७५ मध्ये आलेला त्यांचा अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. भिवंडीतील तणावाला तिथल्या राष्ट्रीय उत्सव मंडळाला त्यांनी मुख्यतः जबाबदार धरले. दंगलीनंतरच्या तपासासाठी पोलिसांचे जे खास पथक नेमले होते, त्याच्या कामावरचे त्यांचे ताशेरे तर याहून कठोर आहेत. कट मुसलमानांनीच केला, असे आधीच गृहीत धरून तपास झाला आणि दोन समाजांना दोन मापे लावली गेली, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवले. पूर्वग्रह जमावात असतो हे सर्वांना माहीत होते. तो तपासाच्या कागदांत कसा उतरतो, हे एका न्यायमूर्तींनी सरकारी अहवालात लिहून ठेवले. पण चौकशी आयोग कायदा १९५२ चा आहे आणि त्यानुसार आयोगाचे निष्कर्ष शासनावर बंधनकारक नसतात. अहवाल आणि त्यावर काय कारवाई केली याचे टिपण सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवले की कायद्याचे समाधान होते. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली.

यानंतर भिवंडीत जे घडले त्याची नोंद घेणे हे न्यायाचे होईल. १९८८ पासून तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. नेहमीच्या पुढाऱ्यांना बाजूला ठेवून रिक्षावाले, मागवाले, दुकानदार असे दोन्ही समाजांचे साधे लोक त्यांनी एकत्र बसवले. चौकीवरच्या शिपायाला या बैठकांची जबाबदारी दिली. नळाचे, गटाराचे, भाडेकरूचे तंटे तिथे निघू लागले आणि पोलीस व मोहल्ला एकमेकांना नावाने ओळखू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पूर्वग्रह हा काही निसर्गनियम नाही, शासनाने मनावर घेतले तर एका गावापुरता का होईना त्याला आवर घालता येतो, याचा हा पुरावा आहे. मात्र हा प्रयोग एका अधिकाऱ्याच्या तळमळीवर उभा होता. २००६ च्या जुलैत त्याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद होऊन पोलीस गोळीबारात दोन माणसे गेली आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. जे एका माणसाच्या बदलीबरोबर संपू शकते, त्याला धोरण म्हणता येत नाही.

मुंबईची कहाणी आपण सर्वांनी सोसली आहे. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग २५ जानेवारी १९९३ रोजी नेमला गेला. युती शासनाने तो जानेवारी १९९६ मध्ये बरखास्त केला. मे महिन्यात मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा विषय जोडून त्याला पुन्हा जिवंत केले. १६ फेब्रुवारी १९९८ रोजी अहवाल सादर झाला आणि सहा महिन्यांची मुदत संपत आली तेव्हा, ६ ऑगस्टला, तो विधानसभेत ठेवला गेला. दंगलीत ९०० जणांचे प्राण गेले. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते, उरलेल्यांपैकी ४५ जणांची ओळख पटली नाही. पोलिसांच्या, विशेषतः खालच्या स्तरावरील पोलिसांच्या मनात मुसलमानांविषयी पूर्वग्रह मुरलेला होता, असे आयोगाने स्पष्ट म्हटले आणि ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. शासनाने अहवाल हिंदूविरोधी ठरवून नाकारला.

इथे परवानगीची ती जुनी अट पुन्हा आडवी आली. 'सामना'तील लेखनाबद्दल १५३-अ खाली खटला भरण्याचा आदेश द्यावा, म्हणून राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा आणि पत्रकार दिलीप ठाकोर उच्च न्यायालयात गेले. १९९४ मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली, १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दाखल करून घेतली नाही. सत्तांतरानंतर जुलै २००० मध्ये परवानगी मिळून बाळासाहेब ठाकरे यांना अटक झाली. त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी खटला मुदतबाह्य म्हणून निकालात काढला. ज्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्याची दखल तीन वर्षांच्या आत घ्यावी लागते आणि इथे सात वर्षे उलटली होती. २००८ मध्ये माजी खासदार मधुकर सरपोतदार यांना एक वर्षाची शिक्षा झाली, तीही घटनेनंतर पंधरा वर्षांनी. याउलट २५७ निरपराधांचा बळी घेणाऱ्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात टाडा न्यायालयाने १०० जणांना दोषी ठरवले. बॉम्बस्फोटातील गुन्हेगारांना शिक्षा झाली याबद्दल आम्हांला खंत नाही, ती व्हायलाच हवी होती. त्याच शहराच्या, त्याच हिवाळ्यातल्या मृतांसाठी न्यायाचा वेग इतका वेगळा का, एवढेच आम्ही विचारतो.

यानंतरच्या काळात शासनाने पूर्वग्रहाकडे आकड्यांतून पाहिले. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. लोकसंख्येत १३.४ टक्के असलेल्या समाजाचा प्रशासकीय सेवेतील वाटा सुमारे ३ टक्के आणि पोलीस सेवेतील ४ टक्के निघाला. देशद्रोही आणि लाडावलेले, अशा दोन्ही शिक्क्यांचे ओझे एकाच वेळी मुसलमानांच्या माथी असल्याचे समितीने नोंदवले. लांगूलचालनाच्या आरोपाला याहून सडेतोड सरकारी उत्तर नाही. समितीने सुचवलेल्या समान संधी आयोगाचा कायदा झाला नाही, जातीय हिंसाचार प्रतिबंधक विधेयकही २०१४ मध्ये बारगळले. महाराष्ट्रात महमूदुर रहमान समितीने २०१३ मध्ये आरक्षणाची शिफारस केली. २०१४ च्या जुलैत ५ टक्क्यांचा अध्यादेश निघाला आणि नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो चालू ठेवण्यास मुभा दिली. तरीही नव्या शासनाने त्याचे कायद्यात रूपांतर केले नाही आणि तो आपोआप संपला.

या पार्श्वभूमीवर धर्मस्वातंत्र्याच्या आजच्या वादाकडे पाहिले पाहिजे. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून धर्माचा आवश्यक भाग कोणता, हे न्यायालये ठरवू लागली. १९५८ च्या कुरेशी खटल्यात बकरी ईदची गायीची कुर्बानी आवश्यक नसल्याचा निर्णय झाला. मार्च २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हिजाबबाबत तोच मार्ग धरला. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. न्या. सुधांशू धुलिया यांनी ग्रंथातले दाखले बाजूला ठेवून मुलीच्या निवडीचा आणि तिच्या शिक्षणाचा विचार केला. ऑगस्ट २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या पोशाखबंदीला सर्वोच्च न्यायालयाने अंशतः स्थगिती दिली. आमच्या मते धुलियांनी धरलेली वाट घटना समितीच्या जवळची आहे. मुलीने डोके झाकावे की नाही हे शासनाने सांगू नये आणि आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनीही तिच्यावर लादू नये. तिची शाळा सुटू नये, हे दोघांनी पाहावे.

द्वेषमूलक भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हे नोंदवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिला. जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली आणि १५३-अ चे १९६ झाले, २९५-अ चे २९९. शासनाच्या परवानगीची अट मात्र कायम आहे. तेव्हा मागणी करायची असेल तर ती नेमकी असावी. परवानगीच्या अर्जावर ठरावीक दिवसांत लेखी निर्णय व्हावा आणि नकाराची कारणे दिली जावीत. आयोगाची शिफारस नाकारताना प्रत्येक मुद्द्याचे उत्तर विधिमंडळात मिळावे. मोहल्ला समित्यांना कायद्याचा आधार मिळावा. यांत कोणासाठीही खास सवलत नाही. उद्या दुसऱ्या कोणत्याही समाजावर अशी वेळ आली, तर हेच नियम त्याच्याही कामी येतील.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई दंगलीच्या याचिकेवर निकाल दिला. बेपत्ता म्हणून नोंदलेल्या १६८ जणांपैकी केवळ ६० जणांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ कुटुंबांचा शोध घ्या, त्यांना व्याजासह रक्कम द्या आणि निद्रिस्त पडलेले ९७ खटले पुन्हा जागे करा, असे न्यायालयाने सांगितले. तीस वर्षांनी शासनाला घरांचे पत्ते शोधायला सांगावे लागले. हे पत्ते ज्या गल्ल्यांतले आहेत तिथे आमचे वाचक राहतात, आमचे लेखकही राहतात. त्या घरांत काय घडले याची मराठीतली नोंद करण्याचे काम आमचे आहे आणि ते कोणाच्या परवानगीवर अडलेले नाही.