अठ्ठेचाळीस तासांची मुदत

७ मार्च २०१७, मंगळवार.
अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने वेबसाइट बनवण्याच्या ‘स्ट्रट्स’ या सॉफ्टवेअरमधली एक त्रुटी जाहीर केली, सोबत दुरुस्तीही (पॅच) दिली. त्रुटी फाइल अपलोड हाताळणाऱ्या भागात होती. हेडरच्या एका ओळीत आज्ञा लिहून पाठवली, की सर्व्हर ती निमूट पाळायचा. लॉगिनची गरज नव्हती.

८ मार्च, बुधवार.
सरकारी यंत्रणा यूएस-सर्टचा इशारा अटलांटातल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीत पोहोचला.

९ मार्च, गुरुवार.
कंपनीत ४०० हून अधिक जणांना ईमेल गेला : स्ट्रट्स असेल तिथे ४८ तासांत पॅच बसवा. पत्त्यांची यादी जुनी होती. ज्यांनी पॅच बसवायचा, त्यांना ईमेल मिळालाच नाही. पॅचचे काम विश्वासावर चालते, हे २०१५ च्या अंतर्गत ऑडिटने लिहून ठेवले होते.

१० मार्च, शुक्रवार.
ग्राहकांच्या तक्रारींसाठी कंपनीचे एक पोर्टल होते, स्ट्रट्सवर चालणारे. त्यावर बाहेरून एक आज्ञा आली : ‘हू अॅम आय’. मी कोण? सर्व्हरने उत्तर दिले. पोर्टलमागची प्रणाली कंपनीने १९७० च्या दशकात स्वतःसाठी घडवलेली होती.

११ मार्च, शनिवार.
४८ तास संपले. पोर्टल सुरूच होते.

१५ मार्च, बुधवार.
त्रुटी शोधण्यासाठी स्कॅन झाला. स्कॅनरने मूळ फोल्डर तपासले. स्ट्रट्स आतल्या फोल्डरमध्ये होते. निकाल : काही आढळले नाही.

१३ मे, शनिवार.
दुरुस्ती येऊन ६७ दिवस झाले होते. हल्लेखोर त्याच वाटेने आत आले. त्यांना एक फाइल सापडली. तिच्यात युजरनेम आणि पासवर्ड उघडे लिहिलेले होते. पोर्टलला ३ डेटाबेस पुरत होते. त्या पासवर्डांनी आणखी ४८ उघडले.

पुढचे ७६ दिवस.
सुमारे ९,००० क्वेरी चालल्या. २६५ वेळा लोकांची खासगी माहिती हाती लागली. नेटवर्कवर नजर ठेवणारे उपकरण जागेवर होते, पण त्यातल्या प्रमाणपत्राची मुदत कधीच संपली होती. त्यामुळे एन्क्रिप्ट केलेली माहिती त्याच्यासमोरून न तपासता बाहेर गेली.

२९ जुलै, शनिवार, रात्र.
नवे प्रमाणपत्र बसवले. जवळजवळ लगेच संशयास्पद वाहतूक दिसू लागली.

३० जुलै, रविवार, दुपारी १२.४१.
पोर्टल बंद केले.

७ सप्टेंबर, गुरुवार.
कंपनीने आकडा जाहीर केला : १४.३ कोटी अमेरिकी ग्राहक. नावे, जन्मतारखा, सोशल सिक्युरिटी क्रमांक. पुढे आकडा १४.८ कोटींच्या जवळ गेला.

डिसेंबर २०१८.
अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीचा निष्कर्ष आला : हे पूर्णपणे टाळता आले असते.

७ मार्चची दुरुस्ती फुकट होती.