दरी बदलली की शंख बदलतो

१८५३ साली हवाईतल्या ओआहू बेटावर शंख गोळा करण्याची साथच आली होती. मिशनऱ्यांची शाळकरी मुले सुटी मिळाली की डोंगर चढत आणि झाडांच्या पानांना चिकटलेल्या रंगीत गोगलगायी पिशव्या भरभरून आणत. जॉन थॉमस गुलिक हा एकवीस वर्षांचा तरुण त्यांच्यातलाच, तोही मिशनऱ्याचा मुलगा. बाकीचे शंखाचा रंग बघत. गुलिक तो कुठल्या दरीतला आहे ते टिपून ठेवी.

या सवयीतून त्याला एक कोडे सापडले. ओआहूच्या डोंगररांगेत एकाला लागून एक अशा अनेक दऱ्या आहेत. पाऊस तोच, झाडे तीच, पण कडा ओलांडून पलीकडे गेले की शंखाचे पट्टे वेगळे, रंग वेगळा, कधी तर जातच वेगळी. डार्विनचा ग्रंथ १८५९ साली आला आणि परिस्थितीनुसार सजीवांची निवड होते हा विचार जगभर पसरला. गुलिकचा प्रश्न साधा होता. परिस्थिती सारखीच असेल तर निवड कशाची? १८७२ साली 'नेचर' नियतकालिकात त्याने लिहिले की नुसते वेगळे पडणे, कड्याअलीकडे आणि कड्यापलीकडे अडकून राहणे, हेसुद्धा बदलाला पुरते. त्याच वर्षी तो डार्विनला त्याच्या घरी जाऊन भेटला. निवडीचा पुरस्कर्ता निसर्गशास्त्रज्ञ वॉलेस याला मात्र हे मुळीच पटले नाही. सारख्या दिसणाऱ्या दऱ्या गोगलगायीच्या दृष्टीने सारख्या असतीलच असे नाही, अशा अंगाने त्या बाजूचा युक्तिवाद चाले. योगायोग की निवड हा वाद पुढे शंभर वर्षे पुरला. गुलिक स्वतः चीन आणि जपानमध्ये धर्मप्रचार करत राहिला आणि फावल्या वेळात उत्क्रांतीवर लिहीत राहिला.

वादाचे पुढचे मैदान दक्षिण प्रशांत महासागरात होते. ताहितीच्या वायव्येला सुमारे १७ किलोमीटरवर मूरिया नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम १३४ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या एक तृतीयांशाहूनही कमी. जुन्या ज्वालामुखीच्या झिजलेल्या भिंतींमधून चहूबाजूंना दऱ्या उतरतात आणि त्या दऱ्यांत पार्टुला नावाच्या गोगलगायी राहत. बोटाच्या पेराएवढा शंख, दिवसा पानाखाली झोप, रात्री कुजक्या पाल्यावर आणि बुरशीवर चरणे. त्या अंडी घालून मोकळ्या होत नाहीत. एका वेळी बहुधा एकच पिल्लू जन्माला घालतात, तेही इवलासा शंख पाठीवर घेऊन आलेले. म्हणूनच या गटाला बाळंतपणाच्या रोमन देवतेचे नाव मिळाले.

हेन्री क्रॅम्प्टन हा न्यूयॉर्कचा प्राध्यापक १९०६ साली पहिल्यांदा ताहितीला पोहोचला आणि मग आयुष्यभर याच गोगलगायींचा होऊन राहिला. दरी निवडायची, झाडाझुडपांवरून शंख गोळा करायचे, प्रत्येकाची लांबी-रुंदी मोजायची, रंग नोंदवायचा, मादीपण आणि नरपण एकाच देहात असलेल्या त्या जिवाच्या पोटातली पिल्लेही काढून बघायची. हजारो शंखांची ही मोजमापे आणि त्यांची सरासरी-विचलनांची गणिते हाताने केलेली. ताहितीचा खंड १९१६ साली निघाला, मूरियाचा १९३२ साली. आज ते जाड खंड चाळताना माणूस आकड्यांत बुडून जातो. वाचायला ते कंटाळवाणे आहेत हे कबूल करायला हरकत नाही, पण त्यांच्याइतका मोलाचा दस्तऐवज या बेटाबद्दल दुसरा नाही.

क्रॅम्प्टनला हवा होता पाया. अँड्र्यू गॅरेट या संग्राहकाने १८८४ साली सोसायटी बेटांच्या, म्हणजे ताहिती, मूरिया आणि शेजारच्या बेटांच्या, गोगलगायींची यादी छापली होती. ती हाती धरून क्रॅम्प्टनने ताडून पाहिले की मधल्या काळात काही जाती नव्या दऱ्यांत पसरल्या आहेत. पन्नास वर्षांनी पुन्हा कोणी मोजेल, शंभर वर्षांनी आणखी कोणी, आणि उत्क्रांती चालू असताना पकडता येईल, असा त्याचा हिशेब. निष्कर्षात तो गुलिकच्या बाजूचा निघाला: दऱ्यादऱ्यांतला फरक परिस्थितीशी जुळत नाही.

पुन्हा मोजणारे खरोखरच आले. ब्रायन क्लार्क इंग्लंडचा, जेम्स मरे अमेरिकेचा, आणि पुढे त्यांना ऑस्ट्रेलियातून मायकेल जॉन्सन मिळाला. १९६०च्या दशकापासून त्यांनी मूरियाच्या दऱ्या पिंजून काढल्या आणि क्रॅम्प्टनकडे नसलेली एक गोष्ट केली. गोगलगायी प्रयोगशाळेत जिवंत ठेवून त्यांचे संकर केले. शंखाचे पट्टे आणि रंग कोणत्या जनुकांमुळे ठरतात, हे त्यातून हाती आले.

सगळ्यांत गमतीची गोष्ट शंखाच्या पिळाची. आपल्याकडे देवघरात ठेवायला दक्षिणावर्ती शंखाला वाटेल ती किंमत मोजतात, कारण समुद्रातल्या त्या शंखात उलटा पीळ फार दुर्मिळ असतो. 'पार्टुला सुटुरॅलिस' या मूरियाच्या जातीत मात्र डावा पीळ आणि उजवा पीळ दोन्ही सर्रास आढळत, फक्त वेगवेगळ्या भागांत. हा पीळ एकाच जनुकावर ठरतो, पण पिल्लाच्या नव्हे, आईच्या. आईचा जनुकसंच उजव्या पिळाचा असेल तर पिल्लू उजवे, मग त्याच्या स्वतःच्या वाट्याला काहीही आलेले असो. त्याचा स्वतःचा वाटा उमटतो पुढच्या पिढीत. उलट पिळाच्या दोन गोगलगायींचे मीलन नीट जुळत नाही, त्यामुळे जिथे एका पिळाची बहुसंख्या तिथे तोच टिकतो. आणि जिथे दुसरी जवळची जात एका बाजूला वळलेली, तिथे सुटुरॅलिस तिच्या विरुद्ध बाजूला वळलेली सापडे. चुकीच्या जोडीदाराशी गाठ पडू नये याची ही व्यवस्था. म्हणजे दरीदरीतला हा फरक निव्वळ योगायोगाचा नव्हता. गुलिकचे निरीक्षण पक्के होते, निष्कर्ष निम्माच.

बाकी गुंता मात्र वाढला. सुटुरॅलिस आणि टीनिआटा या दोन जाती शंखावरून सरळ वेगळ्या ओळखू येत, पण रेणूंच्या पातळीवर पाहिले तर एकाच ठिकाणी राहणाऱ्या त्या दोघींत जनुकांची देवाणघेवाण झाल्याच्या खुणा होत्या. जात म्हणजे बंद पेटी नव्हे, तिच्यातून गळती होते, हे क्लार्क, जॉन्सन आणि मरे यांनी १९९६ साली मांडले. तोवर मूरियात मोजायला गोगलगायी उरल्या नव्हत्या.

त्याचे मूळ दुसऱ्याच एका गोगलगायीत आहे आणि तिची गोष्ट भारतातूनही जाते. विल्यम बेन्सन हा कंपनी सरकारचा अधिकारी आणि शंखांचा शौकीन. १८४७ साली त्याने मॉरिशसहून आफ्रिकन राक्षसी गोगलगाय जिवंत आणून कलकत्त्यात सोडली. तिचा वंश किती वाढला हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. २०२२च्या पावसाळ्यात लातूर, बीड भागात याच शंखी गोगलगायीने कोवळे सोयाबीन जमिनीलगत फस्त केले. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधावर टाकून सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकणे हा तेव्हा गावोगावचा उद्योग झाला होता.

१९६७ साली हीच गोगलगाय ताहितीत शिरली आणि भाजीपाल्यावर तुटून पडली. तिथल्या सरकारने १९७४ साली तिच्यावर उपाय म्हणून फ्लोरिडाकडची युग्लँडिना ही शिकारी गोगलगाय आणली. १९७७ साली ती मूरियात सोडली. गोगलगाय आणि पोटात पाय ही म्हण कुणाला चपखल लागू पडत असेल तर हिला. गुलाबी झाक असलेला लांबट शंख, तोंडाशी मिशांसारखे दोन अवयव. दुसऱ्या गोगलगायीने मागे ठेवलेला चिकट माग ती या मिशांनी हुंगते आणि धरून जाते, गरज पडली तर झाडावरही चढते. भक्ष्याहून ती वेगाने चालते. हवाईत १९५५ सालीच हा प्रयोग झाला होता आणि राक्षसी गोगलगाय तिथून हटली नव्हती. तो अनुभव समोर असताना घेतलेला हा निर्णय आहे, म्हणून त्याला नुसता अपघात म्हणता येत नाही.

मूरियात युग्लँडिना वर्षाला सव्वा किलोमीटरच्या आसपास पुढे सरकत गेली. क्लार्क आणि मंडळींनी १९८४ साली धोक्याचा इशारा छापला. १९८७ पर्यंत बेट जवळपास रिकामे झाले. सोसायटी बेटांवरच्या झाडांवर राहणाऱ्या गोगलगायींच्या ६१ जातींपैकी जंगलात पाच उरल्या. रायाटिआ बेटावरची 'पार्टुला टर्जिडा' लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९९६च्या जानेवारीत संपली. परजीवीचा संसर्ग हे कारण. हवाईतही गुलिकच्या गोगलगायींचे तेच झाले: अकॅटिनेल्ला अपेक्सफुल्वा या जातीचा शेवटचा जीव, 'जॉर्ज', २०१९च्या १ जानेवारीला बंदिवासात मेला.

ताहितीच्या काही दऱ्यांत 'पार्टुला हायालिना' ही पांढरी जात मात्र तगून राहिली. पॉलिनेशियन दर्यावर्दी फार पूर्वीच तिला कुक बेटांपर्यंत घेऊन गेले होते, बहुधा तिच्या शुभ्र शंखांच्या माळांसाठी. ती का तगली याचे उत्तर मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढे संगणक युग्लँडिनाच्या पाठीवर चिकटवले. संरक्षित हायालिनाला हात न लावता ती बसते त्या पानांना लावले. हायालिनाच्या जागी ऊन दहापट निघाले. पांढरा शंख ते परतवतो. गर्द रंगाच्या शिकारी गोगलगायीला तिथे तग धरता येत नाही. वनाच्या कडेची मोकळी झुडपे, एरवी वाया गेलेली जमीन समजली जाणारी जागा, हाच तिचा किल्ला ठरला.

वेळीच वाचवून प्राणिसंग्रहालयांत वाढवलेल्या गोगलगायी २०१५ पासून बेटांवर परत सोडल्या जात आहेत. सोडण्यापूर्वी प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा ठिपका देतात. रात्री अतिनील बॅटरीच्या उजेडात तो चमकतो आणि मोजणी सोपी होते. २०२४ साली मूरियात टोहिवेआना जातीच्या काही प्रौढ गोगलगायी ठिपक्याविना सापडल्या, म्हणजे त्या जंगलातच जन्मल्या होत्या. ही जात 'जंगलातून नामशेष' या वर्गातून बाहेर काढण्यात आली. युग्लँडिना अजून बेटावर आहेच, आणि परतलेल्या गोगलगायींचे पूर्वज वाचवून आणलेले मोजकेच जीव होते. त्यामुळे आता मोजायच्या गोष्टींत पट्टे आणि पीळ यांच्याबरोबर जनुकांतली विविधताही आली आहे.